समुद्राकाठच्या घरात हवामानाची तालीम

हवामान बदल म्हटले की बहुतेक मुलांच्या डोळ्यांसमोर एक पांढरे अस्वल येते. वितळत चाललेल्या बर्फाच्या तुकड्यावर उभे असलेले, केविलवाणे. चित्र खोटे नाही. पण रत्नागिरी-रायगडच्या किनाऱ्यावर, खाडीपासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्या मुलीला त्या अस्वलाशी काय देणेघेणे? तिच्या घरची विहीर मे महिन्यात मचूळ होते. तिच्या चाचांची होडी ऐन हंगामात, ऑक्टोबरात, चार-चार दिवस किनाऱ्याला बांधून ठेवावी लागते. वादळात उडालेल्या पत्र्यांच्या जागी घातलेले नवे पत्रे तिला रोज दिसतात. हे सगळे त्याच धड्याचे भाग आहेत असे तिला कुणी सांगितलेले नसते. परीक्षेत मात्र ‘जागतिक तापमानवाढीची कारणे लिहा’ या प्रश्नाला ती पैकीच्या पैकी गुण मिळवते.

मी किनाऱ्यावरच्या शाळेत उर्दू आणि मराठी शिकवते. पर्यावरण हा विषय आपल्या शाळांत नाही, अशी तक्रार करायला जागा नाही. सर्वोच्च न्यायालयाने १९९१ साली आणि पुन्हा २००३ साली तो सक्तीने शिकवायला सांगितला. आपल्या राज्यात नववी-दहावीला ‘जलसुरक्षा’ नावाचा स्वतंत्र विषय आहे. तेव्हा पुस्तकात काय आहे आणि काय नाही, यावर मी फार वेळ घालवणार नाही. मला पडणारा प्रश्न वेगळा आहे. वादळाच्या दिवशी दुपारी बारा वाजता घरात कोण असते, आणि त्या माणसाला काय ठाऊक असते?

आपल्या किनाऱ्यावरच्या मुस्लिम वस्त्यांत या प्रश्नाचे उत्तर सगळ्यांना माहीत आहे. घरातला एक पुरुष मस्कतला किंवा कुवेतला, दुसरा मुंबईला, तिसरा होडीवर. घरात असते ती अम्मी, अंथरुणाला खिळलेली दादी आणि दोन-तीन मुले. घर सोडायचे की नाही, कधी सोडायचे, बरोबर काय घ्यायचे, म्हातारीला कुणी उचलायचे, हे सगळे त्या बाईला ठरवायचे असते. आणि हवामानाबद्दलची सगळी माहिती, सगळ्या बैठका, सगळे सरकारी फलक जातात कुठे? बंदरावर, मच्छीमार सोसायटीत, ग्रामपंचायतीत. म्हणजे जिथे ती बाई नसते तिथे.

समुद्राचा बदललेला स्वभाव

जुनी माणसे सांगायची की तुफान पूर्वेच्या समुद्रात, बंगालच्या बाजूला. आपला अरबी समुद्र पावसाळ्यात खवळतो, पण बाकी वर्षभर शहाणा असतो. ते त्यांच्या काळापुरते बरोबर होते. बंगालचा उपसागर जास्त उबदार आणि चक्रीवादळाला खाद्य लागते ते उबदार पाण्याचे. समुद्राच्या पृष्ठभागाचे तापमान साधारण साडेसव्वीस अंशांच्या वर गेले की वादळाला हवी ती वाफ मिळू लागते.

आता अरबी समुद्रही तापतो आहे. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय मौसम विज्ञान संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी २०२१ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. पावसाळ्याआधीच्या महिन्यांत अरबी समुद्राचे पाणी चार दशकांपूर्वीच्या तुलनेत १.२ ते १.४ अंशांनी जास्त गरम असते, असे त्यांना आढळले. १९८२ ते २००० या काळाशी तुलना करता २००१ ते २०१९ या काळात अरबी समुद्रातल्या चक्रीवादळांची संख्या ५२ टक्क्यांनी वाढली. बंगालच्या उपसागरात ती थोडी कमीच झाली होती. वादळे नुसती वाढली नाहीत, ती समुद्रावर जास्त दिवस राहू लागली.

आकड्यांपेक्षा नावे लवकर पटतात. २००७ च्या जूनमध्ये ‘गोनू’ ओमानवर आले, तेव्हा मस्कतमधले रस्ते वाहून गेलेले आपल्यातल्या कितीतरी घरांनी फोनवर ऐकले. ११ नोव्हेंबर २००९ ला ‘फयान’ आले. कोकणातल्या होड्या तेव्हा समुद्रात होत्या आणि काही परत आल्याच नाहीत. २०१९ च्या ऑक्टोबरअखेर ‘क्यार’ आणि ‘महा’ ही दोन वादळे एकाच वेळी अरबी समुद्रात फिरत होती. ती किनाऱ्याला लागली नाहीत, पण मासेमारीचे ऐन दिवस घेऊन गेली. मग ३ जून २०२० चे ‘निसर्ग’, मे २०२१ चे ‘तौक्ते’. तौक्तेने मुंबईजवळच्या समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडवला आणि त्या एका वादळात खोल समुद्रात ७० हून अधिक कामगार गेले.

वर्गात हे शिकवताना माझ्या एक गोष्ट लक्षात आली. मुलांना इंग्रजी तारखा राहत नाहीत, पण ईदवरून दिवस राहतात. निसर्ग वादळ रमजान ईदनंतर नवव्या दिवशी आले. लॉकडाऊनमधली ती ईद कुणीच विसरलेले नाही. तौक्ते पुढच्या वर्षी ईदच्या तिसऱ्या दिवशी रत्नागिरीसमोरून गेले. आणि २२ जुलै २०२१ ला चिपळूण बुडाले, तो बकरी ईदचा दुसरा दिवस होता. यात गूढ काही नाही, योगायोग आहे. पण शिकवणाऱ्याला योगायोगही कामाला येतो, कारण चाँदच्या तारखेत एक माहिती दडलेली असते जी एक जून, दोन जून या तारखांत नसते.

चाँदची तारीख आणि भरतीची वेळ

उर्दूच्या पुस्तकात ‘मद्द-ओ-जज़र’ असते. मराठीच्या पुस्तकात ‘भरती-ओहोटी’. घरी बंदरावर म्हणतात ‘भरती’ आणि ‘सुकती’. तिन्ही एकच, हे पुष्कळ मुलांना आठवीपर्यंत कळलेले नसते. मी पहिला तास यातच घालवते आणि तो वाया गेला असे मला वाटत नाही. शब्द जुळले की मूल म्हणते, हे तर माझ्या दादाला येते! तिथून पुढे शिकवणे सोपे.

जुने तांडेल भरतीची वेळ काढताना घड्याळाआधी तिथी विचारत. आडाखा सोपा आहे. तिथीला तिनाने गुणायचे, चाराने भागायचे. येईल तितक्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठ त्रिक चोवीस, भागिले चार, सहा वाजता. भरती रोज पाऊण तासाच्या आसपास पुढे सरकते, त्याचेच हे गणित. खाडीच्या आत जावे तसा थोडा उशीर धरायचा. आपल्या घरातल्या भिंतीवर जे इस्लामी कॅलेंडर असते, तेही चंद्राचेच. चाँद दिसल्यावर महिना सुरू होतो, म्हणून आपली तारीख तिथीपेक्षा एक-दोनाने मागे असते, इतकाच फरक. म्हणजे चाँदच्या तारखेत एक-दोन मिळवून तोच आडाखा लावता येतो. चौदावी-पंधरावीला आणि महिन्याच्या शेवटी-सुरुवातीला उधाण, सातवी-आठवी आणि बावीस-तेविसाव्याला भांग. उधाणाला पाणी वर चढते तेवढेच खाली उतरते; भांगाला दोन्ही बेताचे.

आता या आडाख्याने मुलांना निसर्ग वादळाचा दिवस सोडवायला दिला. शव्वालची दहावी, तिथी द्वादशी. बारा त्रिक छत्तीस, भागिले चार, नऊ. खाडीचा उशीर धरला तर नऊ-दहाच्या सुमारास भरती पूर्ण. वादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला जमिनीवर आले दुपारी साडेबारा ते अडीचच्या दरम्यान. म्हणजे तेव्हा पाणी उतरत होते. हवामान खात्याने त्या दिवशी नेहमीच्या भरतीपेक्षा एक ते दोन मीटर जास्त उंच पाणी येईल असा इशारा दिला होता. वाऱ्याने कौले, पत्रे, नारळी-सुपारीच्या बागा नेल्या. श्रीवर्धनच्या रोठा सुपारीचे बागायतदार नव्या झाडाला फळ धरेपर्यंत वर्षानुवर्षे थांबणार होते. पण हेच वादळ भरतीच्या ऐन वेळी आले असते तर खाडीकाठच्या वाड्यांत काय झाले असते? हा प्रश्न फळ्यावर लिहिला तेव्हा वर्गात कुणी बोलले नाही. मग एका मुलीने हिशेब केला की तिच्या घराचा उंबरठा उधाणाच्या खुणेपासून तिच्या गुडघ्याइतकाच वर आहे.

चिपळूणचेही तसेच. त्या दिवशी जिलहजची अकरावी, दोन दिवसांवर पौर्णिमा. घाटावर प्रचंड पाऊस आणि खाली वाशिष्ठीच्या मुखातून चढणारी भरती. डोंगराकडून येणाऱ्या पाण्याला समुद्र वाट देत नाही, तेव्हा ते शहरात पसरते. पूर फक्त आकाशातून येत नाही, हे किनाऱ्यावरच्या मुलाला कळायला हवे. रेडिओवर मुसळधार पावसाचा इशारा ऐकला की त्याने भिंतीवरच्या कॅलेंडरकडे मान वळवली पाहिजे. एवढे साधले तर मी म्हणेन पाठ झाला.

समुद्राची पातळी वाढते म्हणजे किती, हाही असाच प्रश्न. जगभरच्या शास्त्रज्ञांच्या मंडळाचा (आयपीसीसी) अंदाज आहे की २००६ ते २०१८ या काळात पाणी वर्षाला ३.७ मिलिमीटरने चढले. मिलिमीटर ऐकून मुले हसतात. मग मी सांगते, याच वेगाने धरले तर दहावीतल्या मुलाच्या जन्मापासून आजवर साडेपाच सेंटिमीटर. आपली तीन बोटे. खाडीच्या सपाट चिखलावर उभी तीन बोटे म्हणजे आडवी कितीतरी पावले. खाजणातली शेती, बांधाला पडलेले भोक, विहिरीत झिरपणारे खारे पाणी या सगळ्याला ती तीन बोटे पुरतात.

बावटा कुणाला दिसतो?

बंदरावर ‘तीन नंबरचा बावटा’ लागला, असे आपण ऐकतो. त्या नंबरांचा अर्थ होडीवरच्या पुरुषांना माहीत असतो. एक आणि दोन म्हणजे वादळ दूर समुद्रात. तीन म्हणजे बंदरावर सोसाट्याचे वारे येण्याची शक्यता. चार म्हणजे वादळाचा बंदरालाही धोका आहे, पण अजून तेवढा गंभीर नाही. पाच ते सात धोका. आठ ते दहा मोठा धोका. अकरा म्हणजे हवामान केंद्राशी संपर्कच तुटला. घरातल्या बाईने हे कधी ऐकलेले नसते. तिच्यापर्यंत पोचतो तो मोबाईलवरचा रंग. पिवळा, नारिंगी, लाल. एका पालक सभेत एका अम्मींनी मला विचारले, “टीचर, ऑरेंज म्हणजे घर सोडायचे की नाही, ते सांगा.” इतका नेमका प्रश्न मी हवामानावरच्या कुठल्याच भाषणात ऐकलेला नाही.

हवामान खात्याच्या रंगांचा अर्थ असा आहे: पिवळा, लक्ष ठेवा, नारिंगी, तयार राहा, लाल, आता हालचाल करा. पण ‘तयार राहा’ म्हणजे काय करा? आमच्या मुलांनी त्याचे भाषांतर घरच्या भाषेत केले. नारिंगी म्हणजे मोबाईल आणि टॉर्च चार्ज करा, पिण्याचे पाणी भरून ठेवा, दादीची औषधे एका पिशवीत, रेशनकार्ड-आधार-पासपोर्ट-जमिनीचे कागद प्लास्टिकमध्ये, गाय-बकऱ्या सोडवता येतील अशा बांधा, आणि पक्क्या घरातल्या शेजारणीशी आधीच बोलून ठेवा. लाल म्हणजे चला. पुरुषांचा फोन लागण्याची वाट पाहायची नाही. हे शेवटचे वाक्य एका नववीच्या मुलीने घातले. तिचे अब्बा कतारला असतात. निसर्गच्या वेळी टॉवर पडले, वीज गेली, कितीतरी गावांत दिवसेंदिवस फोन बंद होते. तिच्या अम्मी पूर्ण दिवस परवानगीच्या फोनची वाट पाहत कौलारू घरात बसल्या होत्या.

कुणी म्हणेल, जे व्हायचे ते अल्लाहच्या मर्जीने होते. होते ना. पण उंट आधी बांधावा आणि मग भरवसा ठेवावा, ही शिकवण आपल्या घरात सगळ्यांना तोंडपाठ आहे. ती होडीलाही लागू आहे आणि पत्र्यालाही.

बांगलादेशाने काय केले

घरातल्या बाईपर्यंत इशारा पोचला नाही तर काय होते, याचा सर्वांत कडू धडा बांगलादेशाने घेतला. १२ नोव्हेंबर १९७० च्या ‘भोला’ चक्रीवादळात तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात तीन ते पाच लाख माणसे गेली असे मानले जाते. स्वातंत्र्यानंतर तिथे रेड क्रॉस आणि सरकार यांनी मिळून चक्रीवादळ पूर्वतयारीचा एक कार्यक्रम उभा केला. गावोगावचे स्वयंसेवक, हातात कर्णा, सायरन, बांबूवर लाल झेंडे. एक झेंडा सावध, दोन झेंडे धोका, तीन झेंडे मोठा धोका, निवाऱ्याकडे चला. अक्षरओळख नसलेल्यालाही कळेल असे.

तरीही २९ एप्रिल १९९१ च्या वादळात सुमारे १ लाख ३८ हजार माणसे मेली, आणि त्यांत बायकांचे प्रमाण पुरुषांच्या कितीतरी पट होते. का, याचा शोध घेणाऱ्यांना कारणे सापडली ती अगदी आपल्या ओळखीची निघाली. इशारा बाजारात, चौकात, पुरुषांकडून पुरुषांना दिला गेला. बायका नवरा येईपर्यंत घर सोडायला धजल्या नाहीत. निवाऱ्यात परक्या पुरुषांबरोबर एकाच खोलीत राहायचे, वेगळी जागा नाही, वेगळे शौचालय नाही, म्हणून काही गेल्याच नाहीत. अंगावर पाच वार साडी, कडेवर मूल. पाण्यात पोहणार कशा?

पुढच्या वर्षांत त्या देशाने यातल्या एकेका कारणावर काम केले. निवाऱ्यांत बायकांसाठी वेगळ्या खोल्या आल्या. बरेचसे निवारे म्हणजे खांबांवर उभ्या शाळाच आहेत. वर्षभर तिथे वर्ग भरतात, त्यामुळे वादळाच्या दिवशी मुलांना रस्ता शोधावा लागत नाही आणि आईला ती जागा परकी वाटत नाही. मस्जिदींच्या लाऊडस्पीकरवरून इशारे दिले जातात. आज त्या कार्यक्रमात ७६ हजारांच्या घरात स्वयंसेवक आहेत आणि त्यांत निम्म्या बायका आहेत. २०२० च्या मे महिन्यात, कोरोनाच्या काळात, ‘अम्फान’ आले तेव्हा सुमारे २४ लाख माणसे निवाऱ्यांत नेली गेली, आणि त्या देशातल्या मृतांचा आकडा शंभराच्या कितीतरी आत राहिला. वादळ तेच, समुद्र तोच, गरिबीही फारशी हटलेली नव्हती. बदलला होता तो निरोप आणि निरोप घेऊन येणारा माणूस. उंबऱ्यापर्यंत येऊन ‘आपा, चला’ म्हणणारी बाईच होती.

इंडोनेशियातल्या सिमुलू बेटाची हकिगतही मी वर्गात सांगते. ती त्सुनामीची आहे, हवामान बदलाची नाही, हे आधीच सांगून टाकते. १९०७ साली तिथे मोठी लाट आली आणि पुष्कळ लोक गेले. उरलेल्यांनी तिला ‘स्मोंग’ हे नाव दिले आणि आजी-आजोबांनी ते नातवंडांना अंगाईतून, गोष्टींतून देत ठेवले: जमीन जोरात हलली आणि समुद्र मागे गेला की काही उचलू नका, टेकडीवर पळा. २६ डिसेंबर २००४ ला जमीन हलली. बेटावरची वस्ती ७८ हजारांच्या आसपास. मेलेल्यांची संख्या सात सांगितली जाते. हे बेट ज्या आचे प्रांतात येते, तिथे एकूण दीड लाखाहून अधिक माणसे गेली. सिमुलूवर त्या दिवशी ना सायरन होता ना मोबाईलचा संदेश. ज्यांना वाटते की बाईच्या तोंडची गोष्ट म्हणजे शिक्षण नव्हे, त्यांच्यासाठी ही हकिगत.

सगळे हवामानाच्या माथी नको

शिक्षकाने एक पथ्य पाळायला हवे. मासळी कमी झाली की लगेच ‘हवामान बदल’ असे उत्तर मुलांना देऊ नये. पाणी तापले की मासे जागा बदलतात हे खरे आहे. केरळच्या बाजूचा तारली मासा आता बराच उत्तरेला मिळू लागला आहे. पण पर्ससीन जाळ्यांवर राज्य सरकारला २०१६ साली निर्बंध घालावे लागले आणि प्रखर एलईडी दिवे लावून होणाऱ्या मासेमारीवर केंद्राला २०१७ साली बंदी आणावी लागली, तीही हवेतून आलेली कारणे नाहीत. १ जून ते ३१ जुलै ही ६१ दिवसांची बंदी कशासाठी, हे मच्छीमाराच्या मुलाला पुस्तकाआधी घरात कळलेले असते. ती मोडणारे कोण, हेही. मुले या विषयावर मोठ्यांपेक्षा मोकळेपणाने बोलतात. त्यांना बोलू द्यावे.

कांदळवनांचेही तसेच आहे. तिवर, चिप्पी, कांदळ ही नावे मुलांना पाठ असतात, कारण बोई, खेकडे, कालवे तिथेच मिळतात. लाटेचा आणि वाऱ्याचा जोर ही झाडे मोडतात, बांधाची माती धरून ठेवतात, आणि चिखलात पुष्कळ कार्बन साठवतात. राज्याने २०१२ साली कांदळवनांसाठी वन विभागाचा वेगळा कक्ष काढला आणि २०२० साली पांढऱ्या चिप्पीला राज्य कांदळवृक्षाचा मान दिला. ही माहिती सांगावीच. पण त्याच खाडीत रात्री भराव कोण टाकतो, हा प्रश्न एखादा मुलगा विचारतोच, आणि तेव्हा शिक्षकाने खडू शोधायचे निमित्त करून पाठ फिरवू नये. जाता जाता एक गंमत: कराचीच्या उर्दूत कांदळवनाला ‘तिमर’ म्हणतात आणि आपण ‘तिवर’. एकाच समुद्राच्या दोन टोकांना राहणाऱ्यांनी एका झाडाला जवळजवळ एकच नाव दिले, हे भाषेच्या तासाला सांगायला मला फार आवडते.

काय जमले, काय राहिले

महागडे साहित्य यातल्या कशालाच लागत नाही. आमच्याकडे मुलांनी महिनाभर धक्क्याच्या पायऱ्यांवर भरतीच्या खुणा केल्या आणि चाँदच्या तारखेसमोर वेळ लिहिली. आडाखा अर्ध्या-पाऊण तासाच्या फरकाने बरोबर येतो, हे त्यांनीच सिद्ध केले. वाडीचा नकाशा काढला: पक्की घरे कुठली, उधाणाची खूण कुठवर येते, चालता न येणारी माणसे कुठल्या घरात, रात्री दिवा नसलेली पायवाट कुठली. नकाशा काढताना कळले की वाडीतल्या सगळ्यांत उंच पक्क्या इमारतीच्या किल्ल्या एकाच माणसाकडे असतात आणि तो सहा महिने मुंबईत असतो. आता एक किल्ली शेजारच्या घरात ठेवलेली आहे. हैदराबादचे ‘इन्कॉइस’ हे केंद्र लाटांचा आणि समुद्राच्या स्थितीचा अंदाज देते. तो दहावीची मुले वाचतात आणि घरी सांगतात. २०२३ साली सरकारने मोबाईलवर आपत्तीच्या इशाऱ्याची चाचणी घेतली, तेव्हा तो कर्कश आवाज ऐकून घाबरलेल्या बायांनी फोन बंद करून कपाटात ठेवले होते. तो आवाज वर्गात मुद्दाम पुन्हा वाजवून दाखवला, आणि मुलींनी घरी जाऊन तो ओळखायला शिकवले.

पालक सभा आम्ही आता दुपारी तीनला घेतो. त्या वेळी बायका येऊ शकतात. गेल्या सभेत चाळीसच्या वर आल्या. परदेशातल्या पुरुषांसाठी मुलांनी उर्दूत आणि मराठीत एक छोटे पत्र लिहिले आणि फोनवर पाठवले: लाल इशारा आला तर आम्ही तुमच्या फोनची वाट न पाहता निघू, तुम्ही आत्ताच हो म्हणून ठेवा. बहुतेकांनी हो म्हटले. दोघांनी उलट विचारले की सोने कुठे ठेवणार. रास्त प्रश्न आहे. त्यावर पुढच्या सभेत बोलायचे आहे.

वीज गेल्यावर निरोप पोचवायचा कसा, हे अजून सुटलेले नाही. गावात मस्जिदीकडे एक कर्णा आहे, देवळाकडे एक, ग्रामपंचायतीकडे एक. तिन्ही विजेवर चालतात. मस्जिदीच्या कर्ण्याला बॅटरी जोडलेली आहे, पण ती किती तास टिकते हे आजवर कुणी मोजलेले नाही. मे उजाडण्याआधी एका रविवारी मोजायचे ठरले आहे. घड्याळ घेऊन बसायला सातवीच्या तीन मुलींनी नावे दिली आहेत.